नगरचा मुरूम आणि लवंगी वासाचे फूल



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या जातीच्या व्यासपीठांवर स्वराज्य, समाजसुधारणा, वाङ्मय, वेदान्त असे भारदस्त विषय मांडले जात आले आहेत. त्या पंक्तीत वीतभर उंचीच्या एका झुडपाला पाट मांडून बसवणे कित्येकांना धाडसाचे वाटेल. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘घरच्या बागेतील पिंक’ असे कळवले. त्यांनी सौजन्याने एवढेच विचारले, की तासभर पुरेल ना? पुरेल, असे मी सांगितले. कारण हा विषय दिसायला फुलाचा असला तरी निम्मा पाण्याचा आहे, आणि नगर जिल्ह्यात पाण्यावर तासभर बोलायला कोणालाच अडचण पडत नाही.

आपल्या नगरविषयी, म्हणजे आताच्या अहिल्यानगरविषयी, आपलीच एक समजूत झालेली आहे. जमीन मुरमाड, जागोजाग चुनखडी, पाऊस वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरात, वैशाखात पारा चाळिशीला टेकलेला. इथे काय बाग फुलणार! बागा पुण्याच्या, फार तर नाशिकच्या. आपण आपले निवडुंग आणि सदाफुली लावून समाधान मानावे. ही समजूत मला मान्य नाही. आपण फुले निवडतो ती दुसऱ्याच्या जमिनीकडे पाहून, आणि ती आपल्या जमिनीत तग धरीत नाहीत म्हणून जमिनीला बोल लावतो. ज्या गोष्टींबद्दल आपण नगरला नावे ठेवतो, त्यांतल्या निदान तीन, म्हणजे मुरूम, चुना आणि पावसाची कंजुषी, या ज्या फुलाला हव्याहव्याशा वाटतात, त्या फुलाविषयी मी आज बोलणार आहे.

आपल्या किल्ल्यातल्या एका बागेची आठवण या ठिकाणी सयुक्तिक होईल. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना मुंबईत पकडून नगरच्या किल्ल्यात ठेवले, हे आपल्या मुलांनाही पाठ असते. पंडित नेहरू १९४५ च्या मार्चपर्यंत तेथे होते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ त्यांनी १९४४ साली तेथेच लिहिला. त्या ग्रंथाच्या आरंभीच ते आपल्या बागकामाविषयी सांगतात. फुलांचे वाफे खणण्यात ते तासन् तास घालवीत. माती मात्र अगदी वाईट, दगडगोट्यांनी आणि जुन्या बांधकामांच्या राडारोड्याने भरलेली. मौलाना आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’ मधल्या पत्रांतही किल्ल्यातल्या त्या फुलझाडांची हकीकत आली आहे. त्या दोन थोर पुरुषांच्या बागेवर टीका करण्याचा माझा अधिकार नाही. पण तो राडारोडा, म्हणजे पडक्या भिंतींचा चुना, विटांचा भुगा आणि काळ्या दगडाच्या कपच्या, यांचे वर्णन वाचताना माझ्या मनात दरवेळी येते, की माळ्याला सांगून असली जमीन मुद्दाम तयार करवून घ्यावी लागते ते झाड म्हणजे पिंक!

आता हे झाड कोणते ते सांगतो. शास्त्रीय नाव डायअँथस. थिओफ्रास्टस या ग्रीक वनस्पतिज्ञाने ठेवलेल्या नावावरून ते आले. अर्थ, देवाचे फूल. या कुळात सुमारे तीनशे जाती आहेत. फुलवाल्याकडे लांब दांड्याचे, झालरीझालरीचे कार्नेशन मिळते ते याच कुळातले. पण त्याला आधाराच्या जाळ्या आणि प्लॅस्टिकचे हरितगृह लागते, म्हणून आज त्याला बाजूला ठेवतो. मी बोलतो आहे ते त्याच्या गरीब चुलतभावंडांविषयी. पाने गवतासारखी अरुंद, पण रंग निळसर राखी, जणू वर भस्म फासले आहे. झाड उंच होत नाही. जमिनीसरशी गादीसारखे पसरत जाते आणि बाराही महिने हिरवे, किंवा राखी म्हणा, राहते. थंडीच्या अखेरीस त्या गादीतून वीत-दीड वीत उंचीचे दांडे निघतात आणि त्यांवर पाच पाकळ्यांची, कडा कातरलेली फुले येतात. ‘पिंक’ हे नाव गुलाबी रंगावरून पडले असे आपल्याला वाटते. खरा प्रकार उलटा आहे. फुलाचे नाव आधीचे. त्याच्यावरून इंग्रजीत त्या रंगाला नाव मिळाले. शिंपी कापडाचे सूत निघू नये म्हणून कड नागमोडी कापतात, त्या कात्रीला ‘पिंकिंगची कात्री’ म्हणतात; तो शब्द आणि या फुलाची कातरलेली कड ही एकमेकांची नात्यातली.

आणि वास! तो लवंगेचा. उपमा म्हणून नव्हे, वस्तुस्थिती म्हणून. लवंगेच्या तेलात जे यूजेनॉल असते, तेच द्रव्य या कुळातल्या सुगंधी जातींच्या पाकळ्यांत थोड्याफार प्रमाणात आढळते. अरबीत लवंग आणि कार्नेशन या दोहोंना ‘करनफुल’ हा एकच शब्द आहे. आपल्याकडे लवंगी मिरची आहे, लवंगी फटाका आहे. लवंगी फूल तेवढे राहून गेले होते. मराठीत याला रूढ नाव नाही. रोपवाटिकेत ‘डायंथस’ म्हणून मागितले तर मिळते, पण कोणते मिळते, हा खरा प्रश्न आहे.

कारण थंडीत काळ्या पिशव्यांतून जी रोपे विकायला येतात ती बहुतेक चिनी पिंकची, डायअँथस चायनेन्सिसची, किंवा तिच्या संकरांची असतात. रंग डोळे दिपवणारे. वास जवळजवळ नाहीच. आणि आयुष्य एका हंगामाचे. ती लावू नयेत असे मी म्हणत नाही. पण सुगंधी आणि वर्षानुवर्षे टिकणारे झाड म्हणून ती घरी नेली, तर मेमध्ये ती वाळतात आणि आपण पुन्हा नगरच्या उन्हाला दोष देतो. आपल्याला हव्या त्या दोन जाती. पहिली डायअँथस प्लुमेरियस, पिसासारख्या कडांची. हिचे माहेर मध्य आणि पूर्व युरोपातले चुनखडीचे डोंगर. दुसरी चेडर पिंक; इंग्लंडात सॉमरसेट परगण्यात चेडर नावाची चुनखडकाची घळ आहे, तिच्या कड्यावरच्या भेगांत ही वाढते. दोन्हींच्या जन्मभूमीत माती मूठभर, चुना पोतेभर, आणि पडलेले पाणी घटकाभरात निथळून जाणारे. या वर्णनात नगरचा माळ आपल्याला दिसत नसेल तर आपण माळावर कधी फिरलोच नाही असे म्हणावे लागेल. फरक एकच, पण मोठा: तिकडे उन्हाळा सौम्य आहे. त्याचा बंदोबस्त कसा करायचा ते पुढे सांगतो.

तुम्ही म्हणाल, विलायती डोंगरावरचे हे साहेबी फूल आमच्या मळ्यात-वाड्यात कशाला? साहेबी म्हणून याचा इतिहास पाहायला जावे तर हाती लागतात विणकर! स्कॉटलंडमध्ये पेस्ली नावाचे गाव आहे. काश्मिरी शालीवरची कोयरी त्या गावच्या मागांवर इतकी विणली गेली, की इंग्रजीत कोयरीच्या नक्षीलाच ‘पेस्ली’ म्हणू लागले. त्या गावच्या हातमाग-विणकरांना अठराव्या शतकाच्या अखेरीस पिंकचे वेड लागले. पांढऱ्या पाकळीला गडद रंगाची, काठासारखी बारीक किनार असलेल्या जाती त्यांनी निवडून निवडून तयार केल्या. दिवसभर काठ-पदरांत नजर गुंतलेल्या माणसाला फुलातही काठच दिसावा, हे मला फार स्वाभाविक वाटते. माग घरातच; परसात चार हात जागा; धोटा ठेवून उठावे, झाडाकडे पाहून यावे, पुन्हा बसावे. पुढे यंत्रमाग आले, माणसे कारखान्याच्या भोंग्याला बांधली गेली, आणि त्या जातींपैकी बहुतेक नाहीशा झाल्या. आपल्या नगरातही पद्मशाली विणकरांचे माग एके काळी गल्लोगल्ली खटखटत होते. त्या घरांच्या दारांतल्या तुळशी आणि डब्यांतली झाडे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना पेस्लीच्या त्या परसांची कल्पना मी निराळी करून द्यायला नको.

दुसरे उदाहरण याहून साधे. लंडनजवळ स्लाव नावाच्या गावी निराधार गरिबांसाठी एक श्रमगृह होते. त्याचे अधीक्षक जॉन सिंकिन्स यांनी एकोणिसाव्या शतकात एक पांढरी, भरगच्च पाकळ्यांची पिंक तयार केली आणि तिला आपल्या पत्नीचे नाव दिले: ‘मिसेस सिंकिन्स’. हिची कळी फुलताना बुडाशी फाटते आणि पाकळ्या अस्ताव्यस्त बाहेर पडतात. प्रदर्शनातल्या परीक्षकांनी नाक मुरडावे असे हे व्यंग आहे. पण वास असा, की सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोकांनी तिला सोडलेले नाही, आणि त्या गावाच्या मानचिन्हातही हे फूल आले. राजेरजवाड्यांच्या माळ्यांनी या फुलावर मेहनत घेतली नाही असे नाही. थॉमस फेअरचाइल्ड या लंडनच्या माळ्याने १७१७ च्या सुमारास कार्नेशन आणि स्वीट विल्यम यांचा हाताने संकर केला, तो माणसाने जाणूनबुजून केलेल्या पहिल्या वनस्पतिसंकरांपैकी एक गणला जातो. परंतु या फुलाचा जीव अडकला आहे तो गरिबाच्या परसात, एवढे मला दाखवायचे होते.

आता पाण्याकडे येतो. नगर हे बागांचे गाव होते, यात शंका नाही. निजामशाहीत दुरून खापरी नळांनी शहरात पाणी आणले होते. फराहबागेचा महाल एका विस्तीर्ण तळ्याच्या मधोमध उभा केला होता. सावेडीकडे आपण रोज ‘भिस्तबाग’ म्हणतो ती ‘हश्त बिहिश्त’, म्हणजे आठ स्वर्गांची बाग. शहराच्या मध्यभागी माळीवाडा आहे. नावच पुरे बोलके आहे. त्या बागांचे वैभव खरे, पण ते सुलतानाच्या पाण्याचे वैभव होते. नळ फुटले, तळी आटली आणि स्वर्ग गेले. आज आपल्या घरी नळाला येते ते मुळा धरणाचे पाणी. वाटेत त्यावर शेतकऱ्याचा हक्क आहे, आणि १९७२ चा दुष्काळ ज्यांनी खडी फोडून काढला त्यांची नातवंडे या सभागृहात बसली असतील. तेव्हा फुलझाडाला पाणी घालणे हा या जिल्ह्यात नुसता आवडीचा प्रश्न नाही. शेजारच्या वस्तीवर टँकर उभा असताना आपण हिरवळीवर फवारा सोडावा की नाही, असा तो प्रश्न आहे.

याचा हिशेब अगदी सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हिरवळ टवटवीत ठेवायची तर उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर तरी हवे. शंभर चौरस मीटरचे, म्हणजे हजारएक चौरस फुटांचे, अंगण धरले तर रोज पाचशे लिटर झाले! आता पिंकचा दोन चौरस मीटरचा वाफा घ्या. एकेक फुटावर लावली तर वीस-बावीस रोपे बसतात. थंडीत आठवड्यातून दोन वेळा, दर वेळी दहा-बारा लिटर, म्हणजे बादलीभर पाणी. उन्हाळ्यात तीच बादली एक दिवसाआड, संध्याकाळी. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी इतके सहज निघते. साबणाचे पाणी मात्र घालू नये. त्यातले क्षार जमिनीत साठत जातात. हिवरे बाजारच्या ग्रामसभेत पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिके ठरवतात, हे सर्वांना ठाऊक आहे. तो न्याय अंगणाला लावला, तर हिरवळ पहिल्या बैठकीतच बाद होईल आणि हा वाफा टिकेल, अशी माझी खात्री आहे.

एवढे ऐकून कोणी समजेल, की कमी पाणी म्हणजे कमी निगा. तसे नाही. पिंक तहानेने क्वचित मरते, लाडाने हमखास मरते. बुंध्याशी ओल राहिली की मान कुजते; सकाळी हिरवी दिसणारी गादी चार दिवसांत गवताच्या पेंढीसारखी पिवळी पडते, आणि उपटून पाहावे तर मूळ जागच्या जागी राहून शेंडा हातात येतो. जास्त पाण्याने जमीन कशी जाते हे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. १९२६ साली भंडारदरा धरण पुरे झाले, प्रवरेचे पाट वाहू लागले, आणि ऊस सोन्यासारखा पिकला; पण खोलगट भागातल्या भारी काळ्या जमिनींत पाणी मुरत मुरत क्षार वर आले आणि त्या चोपण झाल्या. वाफ्यात तेच घडते, फक्त लहान प्रमाणावर आणि झटपट.

म्हणून पहिले काम निचऱ्याचे. चुनखड आणि चोपण यांत मात्र गल्लत करू नका. चुनखडीच्या मातीत पांढुरके खडे दिसतात; त्यांवर लिंबू पिळले तर बारीक फेस येतो. ही माती पिंकला मानवते. चोपण जमीन ओली असताना साबणासारखी निसरडी, वाळली की विटेसारखी कठीण, वर पांढरट पापुद्रा, आणि पावसाचे पाणी तासन् तास उभे. हिच्यात पिंक लावणे म्हणजे झाडाला शिक्षा आहे. शंका असेल त्यांनी माती तपासून घ्यावी. राहुरीचे कृषी विद्यापीठ आपल्या दाराशी आहे. चुनखडीच्या जमिनीत वरून आणखी चुना घालण्याचे कारण नाही. भारी काळ्या मातीत वाफा करायचा असेल तर जुना वाडा पाडताना निघतो तो घाणीत दळलेल्या चुन्याचा गिलावा बारीक फोडून दोन घमेली मिसळावा. सिमेंटचा राडा नको, आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिस तर मुळीच नको.

वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच हवा. तळाशी विटांचे तुकडे आणि खडी यांचा चार बोटे थर. त्यावर दोन घमेली पोयटा, एक घमेले चाळलेला मुरूम, एक घमेले जाड वाळू आणि अर्धे घमेले अगदी जुने, मातीसारखे झालेले शेणखत, या मानाने भर. ताजे शेण हा आपल्या बागवानीचा सार्वत्रिक मोह आहे. इथे तो आवरा. त्याने पाने लांब, लुळी होतात, फुले कमी येतात आणि कुज लवकर धरते. रोप लावताना मान जमिनीच्या किंचित वरच राहू द्यावी, आणि तिच्याभोवती पाचोळा न घालता बोटभर बारीक खडी पसरावी. खडीने ओल खाली टिकते आणि मान कोरडी राहते. एवढे सांभाळले की मोठे काम झाले.

बी पेरायचे ते गणपती विसर्जनानंतर, सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. आठ-दहा दिवसांत उगवते. चार-सहा पाने झाली की, साधारण महिन्या-सव्वा महिन्याने, वाफ्यात लावावे. चिनी पिंक त्याच हंगामात फुलते. प्लुमेरियस तशी उतावळी नाही. तिला थंडीचा एक झटका लागतो, आणि पुष्कळदा पहिल्या वर्षी ती नुसती गादीच पसरून ठेवते. लोक इथे धीर सोडतात व उपटून टाकतात. आपल्याकडे पौषातल्या रात्री दहा-बारा अंशांपर्यंत उतरतात, तेवढ्यावर ती दुसऱ्या वर्षी माघ-फाल्गुनात बहुधा फुलते. फूल सुकले की दांडा बुडाशी कापावा. बी धरू दिले तर बहर आटोपतो.

आता उन्हाळा. सकाळचे ऊन पूर्ण, दुपारनंतर सावली, अशी जागा शोधावी. घराच्या पूर्वेची बाजू उत्तम. पश्चिमेच्या भिंतीलगत लावाल तर वैशाखात भिंतच तव्यासारखी तापून झाडाला भाजते. चैत्र ते ज्येष्ठ तुरीच्या काड्यांचा विरळ मांडव किंवा हिरवी जाळी डोक्यावर घातली म्हणजे झाड तग धरते. या दिवसांत ते वाढत नाही, फुलत नाही. ते झोपलेले असते. त्याला खत देऊन जागे करू नये. कोरड्या हवेत पानांमागे लाल कोळी लागतो. सकाळी पानांवर पाण्याचा जोरदार तुषार मारला की तो पुष्कळ हटतो, आणि दिवसा पान वाळून जाते.

पावसाळ्याची परीक्षा याहून अवघड. आपला पाऊस थोडा. पण त्यातला बराचसा भाद्रपदाच्या सुमारास एकदम कोसळतो. वाफ्याला उतार असेल तर भीती नाही. कुंड्या वळचणीखाली सरकवाव्यात. जुन्या, लाकूड झालेल्या फांद्या खोलवर छाटू नका. त्यांना पुन्हा फूट येत नाही. वरवरचा शेंडा तेवढा कातरावा. एखादे झाड ‘मर’ रोगाने गेले तर त्याच जागी पुन्हा पिंक लावू नये, कारण ती बुरशी मातीत राहते.

इतके करूनही, नगरच्या हवेत एक झाड दोन-तीन वर्षांपलीकडे देखणे राहत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. मधला भाग उघडा पडतो, टक्कल पडल्यासारखा. विलायती पुस्तकांत बहुवर्षायू लिहिलेले असते ते तिकडच्या हवेला धरून. आपल्याकडे झाड टिकवायचे ते त्याच्या लेकरांच्या रूपाने. त्याची युक्ती पेस्लीच्या विणकरांना माहीत होती, आणि ती इतकी सोपी आहे की शाळेतली मुलेही करतील. न फुललेल्या फांदीचा शेंडा घ्यावा. एका हाताने खालचे पेर धरावे, दुसऱ्या हाताने शेंडा हलकेच ओढावा. तो पेरातून पुंगळीसारखा अलगद निघून येतो. खालची पाने काढून हा चार बोटांचा शेंडा ओल्या वाळूत खोचावा आणि सावलीत ठेवावा. तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा यासाठी सर्वांत चांगला काळ. फांदी लांब पसरली असेल तर दाब कलमही होते: पेराशी लहानशी तिरपी चीर द्यावी, वाकवलेल्या तारेने फांदी मातीला टेकवून वर वाळू घालावी, आणि दीड महिन्याने तोडून वेगळी करावी. दरवर्षी पाच-सहा लेकरे तयार ठेवली की उन्हाळ्याने दोन नेली तरी घरातले बीज मोडत नाही. शिवाय शेजारणीला देण्यासारखे काही राहते, आणि बागेतले देणे-घेणे हा माझ्या मते बागेतला अर्धा आनंद आहे.

या दिवसांत दवण्याचा मान असतो. चैत्रात देवाला दवणा वाहतात, मरव्याचे एक-दोन शेंडे वेणीत गुंफतात. या दोन वनस्पतींचे आपल्यावर मोठे ऋण आहे, आणि पिंक लावा म्हणताना मी त्यांची जागा घेऊ पाहत नाही. पिंक गजऱ्याला उपयोगी नाही. तिचा देठाकडचा भाग ताठ असतो, ती ओवली की फाटते. तिची जागा पाण्याच्या लहान गडूत, माजघरातल्या फळीवर. पाच-सहा फुले पुरतात. दार बंद असलेल्या खोलीत शिरताना कोणीतरी नुकतीच लवंग कुटली आहे असा भास होतो.

सुगंधाविषयी एक तक्रार मात्र करून ठेवतो. हरितगृहांतून जी फुले बाजारात येतात, ती निवडली जातात ती दांडा किती लांब आणि फूलदाणीत किती दिवस टिकते यावर. वासाला त्या हिशेबात गुण नाहीत. पिढ्यान् पिढ्या अशी निवड होत गेली आणि लवंगेच्या नावाचे फूल लवंगेचा वासच विसरत चालले. शेतकऱ्याचा यात दोष नाही. त्याला बाजार जे मागतो ते पिकवावे लागते. पण घरच्या बागेला बाजाराची सक्ती नाही. ज्या जाती बाजारात चालत नाहीत त्या जगवण्याचे काम घरच्या बागाच करू शकतात, आणि पूर्वीही त्यांनीच ते केले आहे. म्हणून रोप घ्यायचे ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, फुलावर असताना, आणि नाकाशी धरून. विक्रेता हसला तर हसू द्यावा.

मघाशी चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांची उत्तरे देऊन थांबतो.

एक भगिनी विचारतात, सदनिकेच्या गच्चीवर जमेल का? जमिनीपेक्षा बरे जमेल. आठ-दहा इंचांची, पसरट तोंडाची मातीची कुंडी घ्यावी, भोक मोठे असावे, आणि वर सांगितलेल्या मिश्रणात मुरूम थोडा वाढवावा. प्लॅस्टिकच्या कुंडीत ओल फार काळ राहते. गच्चीची फरशी उन्हाळ्यात तापते, तेव्हा कुंडीखाली दोन विटा ठेवाव्यात.

अकोले तालुक्यातल्या एका गृहस्थांनी लिहिले आहे, की त्यांचे घर घाटघरच्या बाजूला आहे; तिथे हे झाड येईल का? त्यांना नाही म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. एकाच जिल्ह्यात आपल्याकडे साडेपाचशे मिलिमीटर आणि त्यांच्याकडे त्याच्या कित्येक पट. त्या पावसात पिंक उघड्यावर एक श्रावणही काढणार नाही. पडवीतल्या कुंडीत हौस करावी. एरवी त्यांच्या डोंगरात आपोआप येणारी तेरड्याची फुले आम्हा नगरकरांना दुर्लभ आहेत, एवढे समाधान त्यांनी मानावे.

तिसरी चिठ्ठी: आज, भर मेमध्ये, काय करता येईल? पेरणी नाही; पण माती तयार करता येईल. वाफ्याची जागा खणून, एकदा पाणी देऊन, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ताणून कडा मातीने दाबाव्यात आणि चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे. आपल्या उन्हाने आतली माती इतकी तापते, की मर रोगाची बुरशी आणि तणाचे बी पुष्कळसे मरून जाते. दरम्यान मुरूम चाळून पोत्यात भरून ठेवा, खडी धुऊन ठेवा, आणि पहिल्या पावसापूर्वी वाफा उंच करून घ्या. मग गणपती जाईपर्यंत त्याला हात लावू नका.